पट्ट्यांच्या होजिअरीचं जाकीट



दिवाळी सरली की आमच्या भातकुलीत सकाळचं वारं बोचू लागतं. दुपारी ऊन चांगलंच तापतं, पण सकाळच्या एसटीने अमरावतीला कॉलेजला जाणाऱ्या मुलींचे ते पंधरा-सोळा किलोमीटर कुडकुडतच जातात. आमची थोरली लेक यंदा त्या गाडीत असते. तिच्यासाठी तयार जाकिटं पाहिली. ती एक तर कमरेशीच संपतात, नाही तर अंगाला चिकटून बसतात. तिला हवं होतं मांडीपर्यंत येणारं, सैल, कुर्त्यावर सहज चढणारं. ईदीचे जपून ठेवलेले पैसे तिने आमच्या हातावर ठेवले आणि आम्ही दोघी जावांनी अमरावतीला जवाहर गेटजवळच्या कापडबाजारातून पट्ट्यांचं जाड होजिअरी कापड आणलं. दीड इंच काळा पट्टा, एक इंच राखाडी, पुन्हा काळा. दिसायला फार छान.

ते जाकीट आमच्या हातून बिघडलं. बिघडलं कसं आणि मग सावरलं कसं, हेच या महिन्यात सांगायचं आहे. इतकी वर्षं सलवार-कुर्ते, झबली, बुरखे शिवणाऱ्या हातांना वाटलं, जाकीट म्हणजे जास्तीत जास्त काय, पुढून उघडा कुर्ता! कापडच वेगळ्या जातीचं आहे हे ध्यानातच आलं नाही.

शेजारच्या काकूंनी पिशवीत डोकावून आधीच विचारलं होतं, "बनेनच्या कापडाचं जाकीट असते काय वो, बाई?" असतं. फ्रान्समध्ये कोको शानेल या बाईने पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1916 च्या सुमारास, आतल्या कपड्यांसाठीच वापरलं जाणारं असलं कापड घेऊन बायकांचे कोट शिवले, तेव्हा तिकडच्या लोकांनाही असाच प्रश्न पडला असणार. काकूंचं एक मात्र खरं. बनियन आणि हे कापड सख्खी भावंडं आहेत. मागावरच्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांना घट्ट धरून असतात. होजिअरीत तसं नसतं. स्वेटर विणतो तसा एका धाग्याचा फास दुसऱ्या फासात अडकलेला असतो. म्हणून ते ताणलं जातं, आडवं जास्त आणि उभं कमी. सोडलं की परत येतं. ते परत येणं शिवताना मोडायचं नाही, सारं कौशल्य एवढ्यातच आहे.

कापड घेताना चार गोष्टी पाहा. अगदी पातळ जर्सी जाकिटाला नको. तिच्या कडा कापल्या क्षणी गुंडाळी करून बसतात. 'इंटरलॉक' मागा, किंवा आतून बारीक फासे असलेलं 'लूप निट'. उलटी बाजू पाहा. तिथेही पट्टे तेवढेच गडद असतील तर ते रंगवलेल्या सुताचे पट्टे आहेत. आत फिके दिसले तर वरून छापलेले, आणि छापलेले पट्टे बरेचदा फाशांच्या ओळीला सोडून तिरके गेलेले असतात. तिसरं, कापड मध्यावर दुमडून दोन्ही काठांवरचे पट्टे जुळतात का ते बघा. होजिअरी गोल यंत्रावर नळीसारखी विणून मग चिरतात, त्यामुळे पट्टा थोडा जिन्यासारखा चढलेला असू शकतो. थोडा असेल तर चालतं. दोन बोटांहून जास्त चढला असेल तर ते कापड ठेवून द्या. धुतल्यावर शिवलेला कपडा अंगावर पिळवटतो. चौथं मापाचं. काही दुकानांत होजिअरी किलोवर मिळते. चौरस मीटरला 240 ग्रॅम वजनाचं, 60 इंच पन्ह्याचं कापड किलोला साधारण पावणेतीन मीटर भरतं. छाती 36, लांबी 32 अशा जाकिटाला साधं कापड पावणेदोन मीटर पुरतं. पट्टे जुळवायचे असतील तर दोन मीटर घ्या.

आता आमच्या चुका. पहिली, कापड न धुता कापलं. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात लांबीला आटते, आमच्या हिशेबात मीटरला पाच-सहा सेंटीमीटर. म्हणजे दोन मीटरमागे दहा-बारा सेंटीमीटर गेले. आणि आपल्या भागात धुण्याचीही एक गंमत आहे. भातकुली खारपाणपट्ट्यात येते. विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात साबणाला फेस धरत नाही आणि काळं कापड वाळलं की त्यावर पांढरट नकाशे उमटतात. म्हणून धुवायला नळाचं गोडं पाणी राखून ठेवा, निदान शेवटचं खळबळणं तरी त्यातच करा. दोरीवर मात्र टांगू नका. ओली होजिअरी स्वतःच्याच वजनाने लांबते. बाजेवर जुनी चादर अंथरून त्यावर पसरा आणि पट्टे हाताने सरळ करून ठेवा.

दुसरी चूक सगळ्यांत महागात पडली. कुर्ता कापतो तसं कापड दुहेरी घडी घालून कापलं. वरचा पदर सरळ होता, खालचा सरकलेला. दोन्ही पुढचे भाग समोरासमोर धरले तर डावीकडचा काळा पट्टा उजवीकडच्या राखाडीला भेटत होता, पाऊण इंचाचा फरक. तिसरी चूक खांद्याची. टीप मारताना दाब-पायाखाली खांदा ताणला गेला, साडेचार इंचांचा पाच झाला आणि बाह्या दंडावर ओघळल्या. चौथी, समोरची चेन. कापड ओढत ओढत चेन लावली, तर पुढची कड नागमोडी झाली.

लेकीने घालून पाहिलं. आरशासमोर थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "छान झालंय, चाची." दुसऱ्या दिवशी सकाळी जाकीट खुंटीला होतं आणि ती जुनं, कोपरावर झिजलेलं स्वेटर घालून गाडीला निघून गेली होती. रागावली असती तर बरं वाटलं असतं. पैसे तिचे होते, आणि आम्ही मापाचा कागद कापायचाही कंटाळा केला होता.

त्या दुपारी अम्मींनी, म्हणजे सासूबाईंनी, जाकीट मांडीवर घेतलं. त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, पण बोटांना अजून सगळं कळतं. त्यांच्या माहेरी शिलाईचा धंदा. दर्जी मंडळी स्वतःला इद्रीसी म्हणवतात, कारण सुईने कपडा पहिल्यांदा हजरत इद्रीस अलैहिस्सलाम यांनी शिवला अशी रिवायत आहे. त्यांनी खांद्याची शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, "याला फाडू नका. उसवा."

होजिअरी उसवायला ब्लेड वापरू नका. एक फास कापला गेला की शिडीसारखी ओळ उसवत जाते. दर चौथा-पाचवा टाका बारीक कात्रीच्या टोकाने तोडायचा आणि उलट बाजूने दोरा ओढायचा, अख्खा निघतो. सगळे भाग सुटे झाल्यावर ते गोड्या पाण्यात धुवून बाजेवर वाळवले. जे आटायचं ते आधीच आटू दे म्हटलं.

ताणलेल्या खांद्यावर ओलं सुती फडकं ठेवून इस्त्रीची वाफ दिली. इस्त्री फिरवायची नाही, फक्त ठेवायची आणि उचलायची. कापड पुष्कळसं मागे आलं. मग शिवताना खांद्याच्या शिवणीत अर्ध्या इंचाची सुती टेप घेतली. टेप कागदाच्या मापाने, साडेचार इंच आणि दोन्हीकडे शिवणीपुरती. आता तो खांदा ताणायचा म्हटलं तरी ताणला जात नाही.

पट्ट्यांचा प्रश्न मात्र वाफेने सुटणारा नव्हता. इथे अम्मींची युक्ती कामी आली, आणि ती तुमच्याही कामी येईल. जे पट्टे जुळत नाहीत त्यांना भेटूच द्यायचं नाही. मीटरभर साधी काळी होजिअरी आणली, तीही आधी धुतली. दोन्ही कुशींत बगलेपासून घेरापर्यंत दोन इंचांची काळी पट्टी घातली, समोर चेनीच्या जागी दीड इंचाची काळी पट्टी लावली आणि बाह्या काळ्याच केल्या. आता पट्टा कुठेही दुसऱ्या पट्ट्याला टेकत नाही, सगळीकडे मध्ये काळं येतं. आटल्याने कमी झालेली रुंदीही कुशीतल्या पट्टीने भरून निघाली. होजिअरी अंगाचा आकार दाखवते आणि आडवे पट्टे तो आणखी उठवतात, म्हणून छातीला मापापेक्षा पाच इंच तरी सैल हवंच.

नवीन कापडावर पट्टे जुळवायचेच असतील तर असं करा. वर्तमानपत्राचा साचा काढा. कापड एकेरी, जमिनीवर पूर्ण पसरून घ्या, टेबलाच्या कडेवरून लोंबू देऊ नका. आधी डावा पुढचा भाग कापा. तोच कापलेला भाग उलटा करून कापडावर ठेवा, काळ्यावर काळा आणि राखाडीवर राखाडी असा प्रत्येक पट्टा बसवा, टाचण्या लावा आणि मग उजवा कापा. पाठीचा भाग ठेवताना कुशीच्या शिवणीवर, बगलेच्या अगदी खाली, पुढच्याच रंगाचा पट्टा यायला हवा. बाहीचा पट्टा समोरच्या मुंढ्याच्या खाचेशी जुळवा. त्याच्या वर, बाहीच्या गोलाईत, तो जुळत नाही. कोणाचाच जुळत नाही, त्याचा त्रास करून घेऊ नका. घेराच्या दुमडीत अर्धा पट्टा येणार नाही एवढं आधी ठरवून ठेवा.

आता मशीनचं. आमची काळी, पायाची, सरळ टिपेची जुनी मशीन आहे. पुष्कळ भगिनी म्हणतात, होजिअरीला ओव्हरलॉकच हवी. हवी हे खरं, पण नाही म्हणून कापड गुंडाळून ठेवायचं कारण नाही. सुई बदला. साधी सुई टोकदार असते, ती फासाचा धागा कापते आणि धुतल्यावर शिवणीच्या कडेने बारीक भोकं दिसू लागतात. 'बॉलपॉइंट' सुईचं टोक गोलसर असतं, ती धाग्याला बाजूला सारून जाते. जाड होजिअरीला 14 नंबर ठीक. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, सुती दोरा ताण पडला की तुटतो. वरच्या दोऱ्याचा ताण किंचित सैल करा. दाब-पायाच्या दांड्यावरचा स्क्रू दोन फेरे ढिला केला की पाय कापडाला दाबून लांबवत नाही. कुशीसारख्या उभ्या शिवणी शिवताना पुढून-मागून कापड अगदी हलकं ताणून धरा, म्हणजे शिवणीत थोडी ढील राहते आणि हात वर केला तर टीप तटकन तुटत नाही. फार ताणलं तर लाटा येतात, म्हणून आधी चिंधीवर हात बसवा. पहिल्या टिपेशेजारी पाव इंचाच्या आत दुसरी टीप मारा. मशीन कड गिळू लागली तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून टाका. झिगझॅगवाली मशीन असेल तर अगदी अरुंद झिगझॅग लावा, ही ताणाताणीची कसरतच नको.

समोरच्या पट्टीत जाड बकरम घालू नका, पाटी बसवल्यासारखं दिसतं. इस्त्रीने चिकटणारं पातळ अस्तर पुरे. काजं करायची असतील तर उभी करा, आडवी तोंड वासतात. आम्ही टिचबटणंच लावली. चेनच हवी असेल तर एक बाजू कच्च्या टाक्याने बसवून शिवा, चेन बंद करा, दुसऱ्या बाजूच्या फितीवर प्रत्येक पट्ट्याची खूण खडूने करा, मगच ती बाजू लावा. घेर आणि बाहीची दुमड हाताने, सैल तुरपाईने. घट्ट ओढलीत तर तिथे कापड गोळा होतं.

हे सगळं करायला आम्हाला चार दुपारी लागल्या. घरातल्या एका भाऊसाहेबांनी विचारलं की एवढ्या वेळात नवं नसतं का आलं? हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलं आहे की पैगंबर (स.) घरी आपले कपडे स्वतः शिवत, आपली पादत्राणं स्वतः सांधत. आम्ही भाऊसाहेबांच्या हाती टिचबटणांची पुडी आणि सुई दिली. दोन बटणं त्यांनी लावली आहेत. त्यातलं एक उलटं होतं, ते अम्मींनी चाचपून ओळखलं.

जाकीट खुंटीला टांगून आम्ही काहीच बोललो नाही. सकाळी खुंटी रिकामी होती. संध्याकाळी लेक आली ती सांगत आली, गाडीतल्या एका मैत्रिणीला असंच हवं आहे, पण निळ्या पट्ट्यांत, आणि शिलाई किती घ्याल असं तिच्या अम्मीने विचारलं आहे. आम्ही निरोप पाठवला आहे: कापड दोन मीटर आणा, आणि आणण्याआधी उलटी बाजू पाहा.