चैत्रगौरीचं रंगीत पन्हं



चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर झोपाळ्यात बसते, अन् अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालतं. धाराशिवच्या उन्हातून आलेल्या बायकांना काय देतात? कैरीची डाळ अन् पन्हं! पण माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, पन्ह्याची लाज वाटते. बाटलीतलं सरबतच द्यायला पाहिजे." मी म्हटलं, "यंदा तू स्वतः कर, मग सांग."

तुम्हीही करा. आईकडून दोन कैऱ्या कुकरमध्ये उकडून घ्या. गार झाल्यावर साल काढून गर कुस्करा. वाटीभर गराला दीड वाटी चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ अन् वेलदोड्याची पूड घाला. गूळ विरघळला, की माठातलं पाणी पाच वाट्या ओता. आता आपल्या जिल्ह्यातली गंमत! वाटीभर काळी द्राक्षं स्वच्छ धुऊन कुस्करा, गाळा अन् रस त्यात मिसळा. बघा कसा रंग येतो!

एक मात्र लक्षात ठेवा. हे त्याच दिवशी संपवायचं. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव असतात. उन्हाळ्यात रस तसाच राहिला, तर ते त्यातली साखर खातात, फेस येतो अन् हळूहळू मद्य तयार होऊ लागतं. आंबूस वास आला, की सरळ ओतून द्या.

त्या मुलीच्या घरी काय झालं? दिवेलागणीच्या आत पातेलं रिकामं! शेवटचा पेला तिनं माझ्यासाठी झाकून ठेवला होता.

मग, तुम्ही कधी करताय?