वैनगंगेवरील तार

मध्यप्रदेशचा बालाघाट जिल्हा व महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा यांच्या सीमेवरून वैनगंगा वाहते. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाजवळील बिरसी विमानतळावरून उडालेले एक प्रशिक्षण विमान या नदीत कोसळले. दोन्ही तीरांमध्ये ताणलेली तार त्याला दिवसाउजेडी आडवी आली. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही प्राणास मुकले. विमान इतके खाली का आले, हा प्रश्न आहेच. परंतु ती तार डोळ्यांना दिसावी अशी होती काय, हा दुसरा प्रश्न आम्हांस अधिक सतावतो.

उंच इमारती, चिमण्या व मनोरे यांवरील तांबड्या दिव्यांविषयी आपल्याकडे नियमांची वाण नाही. विमानतळाच्या परिसरात बांधकाम करणाऱ्यास ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठी २०१५ चे स्वतंत्र नियम आहेत. दीडशे मीटर वा त्याहून उंच वास्तू विमानतळापासून दूर असली तरी अडथळाच मानावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. हा सारा हिशेब उंचीचा. नदीवरची तार उंच नसते, आणि तिच्यावर दिवा टांगण्याची सोयही नसते. वैमानिकास शिकवतात, तार शोधू नये, खांब शोधावा. पण तो खांब तीरावरच्या झाडीत दडलेला असेल तर त्याने काय करावे?

उपाय जुना व स्वस्त आहे. किमान साठ सेंटिमीटर व्यासाचे गोळे, आळीपाळीने नारिंगी व पांढरे, तारेवर ठराविक अंतराने ओवायचे. तेही शक्य नसेल तर आधाराच्या मनोऱ्यांवर लखलखणारे पांढरे दिवे बसवायचे. खाजगी बांधकामदाराचा नकाशा अडवून धरता येतो. नदीवरची तार मात्र, विजेची असो वा पाणी मोजण्याच्या पाळण्याची, बहुधा सरकारी खात्याचीच असते, आणि खात्याने खात्यास जाब विचारण्याची रीत आपल्याकडे फारशी नाही.

वैनगंगा दूर आहे, असे म्हणून कोकणवासीयांना स्वस्थ बसता येणार नाही. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण-खेड परिसर पाण्याखाली गेला, तेव्हा रायगड-रत्नागिरीत अडकलेल्यांच्या सुटकेसाठी नौदलाची व वायुदलाची हेलिकॉप्टरे धावली. ढग डोंगराला टेकलेले असताना हेलिकॉप्टरला नदीचे पात्र हीच वाट उरते, आणि आमच्या नद्या-खाड्यांवरून विजेच्या तारा जातात. लोकांना वाचवावयास येणाऱ्यांच्या वाटेत त्या न दिसणाऱ्या राहाव्यात, हे आम्हांस मान्य नाही.

कोकणातील जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी नदी-खाडी ओलांडणाऱ्या प्रत्येक तारेची यादी करावी, ती हवाई दलांच्या हाती द्यावी, आणि ज्या खात्याची तार त्याच्याच खर्चाने तिच्यावर गोळे चढवून घ्यावेत.