ड्रायव्हरचा रकाना

आमच्या पुतण्याने टेम्पो घ्यायचं ठरवलंय. मुलुंडहून भिवंडीच्या गोदामांत माल नेण्या-आणण्याचं काम मिळतंय त्याला. पैसे थोडे कमी पडतायत, म्हणून परवा आत्याकडे आला. मोबाईलवर तक्ता तयार होता: टाटा ४०७, आयशर आणि बोलेरो पिकअप. पासिंग किती, हौदा किती फुटी, मायलेज, हप्ता.

मी जन्मभर गुणपत्रिका भरलेली बाई. राहून गेलेला रकाना मला आधी दिसतो. म्हटलं, "यात ड्रायव्हर कुठे बसतो ते नाही रे." तर म्हणतो, "आत्या, ड्रायव्हर ठेवणार आहे. मला थोडंच बसायचंय?"

हे मला झोंबलं.

४०७ आली १९८६ साली. त्याच सुमारास जपानी भागीदारीतल्या चार गाड्या आल्या होत्या. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी. त्यातली पहिली दोन नावं बाजारातून कधीच गेली, ४०७ मात्र टिकली. (आपण सगळ्यांनाच टेम्पो म्हणतो, ते नाव पुण्याच्या बजाज टेम्पोचं. कंपनी फोर्स मोटर्स झाली, शब्द राहिला. असो.) तेव्हापासून आजपर्यंत तुलना होते ती भार, डिझेल आणि सुट्या भागांचीच. ४०७चं इंजिन असतं ड्रायव्हरच्या मांडीशेजारी, एका झाकणाखाली. मे महिन्यात दुपारी चेक नाक्याच्या गर्दीत त्या झाकणावर हात ठेवून बघा. माझा एक जुना विद्यार्थी चालवतो, मानेवर ओला टॉवेल टाकून. ठाणं येईस्तोवर वाळतो म्हणाला.

आता १ ऑक्टोबर २०२५पासून बनलेल्या, मालासकट साडेतीन टनांवर जाणाऱ्या मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. मालकमंडळींची कुरकुर अशी की डिझेल जास्त जातं. जात असेलच. आईस्क्रीमच्या गाडीत मागे उणे अठरा अंश राखायलाही इंधन जातंच, त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. आईस्क्रीम वितळलं तर नुकसान मालकाचं, एवढाच काय तो फरक!

पण नियमालाही भोक आहेच. साडेतीन टनांच्या आतल्या गाड्यांना सक्ती नाही. म्हणजे आपल्या गल्लीत सकाळपासून उभे असलेले छोटा हत्ती आणि पिकअप सुटले. ऊन काय वजन बघून लागतं? पुतण्याने हे बरोब्बर हेरलंय. एक तर पिकअप, नाही तर जुनी ४०७, म्हणजे एसीची भानगडच नको.

त्याची बाजूही मी समजू शकते. हप्ता थकला की बँक फोन करते तो मालकाला, ड्रायव्हरला नाही. पण "ड्रायव्हर टिकत नाहीत हो" ही रड कुणाची? याच मंडळींची ना?

दोन लाख देते म्हटलं, अट एकच. आधी कुणाच्या तरी जुन्या ४०७मध्ये ड्रायव्हरशेजारी बसून भर दुपारी माजिवडा-कशेळीमार्गे भिवंडीला जायचं, माल उतरेपर्यंत थांबायचं आणि तसंच परत यायचं. मग तक्ता घेऊन माझ्यासमोर बसायचं.

शुक्रवारी जातो म्हणालाय. जाताना रागावला होता थोडा, चहा अर्धाच प्यायला.