'ला'चे काम इंग्रजीत कोण करते?



मोंढ्यात माल घातला की आपण म्हणतो, 'मला पावती द्या.' शेजारी दखनी बोलणारा म्हणतो, 'मेरेकू पावती दे.' 'ला' असो की 'कू', कोणाला द्यायचे ते प्रत्यय सांगतो. म्हणून 'पावती मला द्या' म्हटले तरी अर्थ बदलत नाही.

इंग्रजीत हा प्रत्यय नाही. तिथे हे काम दोन प्रकारे होते. एक, जागेने : 'गिव्ह मी द रिसीट.' क्रियापदामागून आधी माणूस, मग वस्तू. दुसरे, 'टू' लावून : 'गिव्ह द रिसीट टू द टीचर.' इथे आधी वस्तू, मग माणूस. दोन्हींपैकी एकच घ्यावे. 'गिव्ह टू मी द रिसीट' हे चूक. आणि 'टू' गाळून 'गिव्ह द रिसीट द टीचर' म्हटले, तर गुरुजींनाच उचलून पावतीच्या हवाली केल्यासारखे होते! वस्तूऐवजी 'इट' आले तर मात्र 'गिव्ह इट टू मी' असेच म्हणावे.

विकत घेणे, बनवणे, शिजवणे या क्रियापदांना 'टू' नव्हे, 'फॉर' लागतो : 'बाय मी अ पेन' किंवा 'बाय अ पेन फॉर मी.' हा आपला 'साठी' समजा.

आता आपल्या मुलांच्या नेहमीच्या चुका पाहू. 'मला गणित समजावून सांगा' याचे 'एक्स्प्लेन मी द सम' होते. बरोबर वाक्य : 'एक्स्प्लेन द सम टू मी.' गिव्ह, सेंड, शो, टेल हे इंग्रजीचे जुने, घरचे, आखूड शब्द. त्यांना जागा पुरते. एक्स्प्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब हे लॅटिनमधून आलेले. त्यांना 'टू' हवाच. पण हा नियम पक्का नाही. ऑफर आणि प्रॉमिस यांचे मूळही लॅटिनच, तरी 'ही प्रॉमिस्ड मी अ जॉब' चालते. म्हणून नवे क्रियापद वहीत एकटे लिहू नये, पूर्ण वाक्यासह लिहावे.

दुसरी चूक उलटी. 'त्याला सांग' म्हणून 'टेल टू हिम', 'त्याला विचार' म्हणून 'आस्क टू हिम'. इथे 'टू' नको : 'टेल हिम', 'आस्क हिम'. 'से'ला मात्र 'टू' लागतो. आपले 'सांगणे' एक, त्यांचे दोन.

तिसरी चूक उसनवारीची. आपण 'उसने' हा एकच शब्द घेऊन देतो आणि घेतो. इंग्रजीत देणे ते 'लेंड', घेणे ते 'बॉरो'. 'मला दहा रुपये उसने दे' म्हणजे 'लेंड मी टेन रुपीज'. 'बॉरो मी' नव्हे.

हे सारे कशासाठी? राज्यातील शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही अनेक घरांत इंग्रजी अर्ज आला की दुसऱ्याकडे धाव घ्यावी लागते, आणि आपली तक्रार त्याच्या शब्दांत जाते. 'मला पावती दिलेली नाही' एवढे तरी स्वतः लिहिता यावे. पुष्कळजण 'टू मी रिसीट इज नॉट गिव्हन' लिहितात. बरोबर वाक्य : 'आय हॅव नॉट बीन गिव्हन अ रिसीट.' मराठीत इथेही 'मला'च राहते. इंग्रजीत ते 'आय' होऊन वाक्याच्या तोंडाशी येऊन बसते. रजेच्या अर्जात 'ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज' लिहावे.

घरचा अभ्यास : रात्री जेवणानंतर मुलांनी आईवडिलांकडून 'मला' असलेली पाच वाक्ये मागून घ्यावीत आणि त्यांचे इंग्रजी करावे. जिथे जमेल तिथे दोन्ही प्रकारे लिहावे. आईवडिलांना इंग्रजी येत नसले तरी हरकत नाही. कोणी कोणाला काय दिले, एवढे त्यांना विचारून तपासता येते.