मागणाऱ्यांची साधना आणि विसावा भाग

दारोदार फिरून निधी गोळा करणे ही बौद्ध साधना कशी ठरावी, असा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो तेव्हा त्यात जिज्ञासेपेक्षा तुच्छताच अधिक असते. रोख असतो तो १९८० साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या, आज ‘करुणा ट्रस्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेवर. तिच्या कार्यकर्त्यांनी काही आठवडे एकत्र राहावे, ध्यान करावे आणि मग अनोळखी घरांची दारे ठोठवावीत, अशी रीत पाडली. त्या पैशातून महाराष्ट्रातल्या आंबेडकरी बौद्ध वस्त्यांत बालवाड्या आणि वसतिगृहे उभी राहिली.

विनयाचा दाखला देणारे म्हणतात, भिक्षू मागत नाही. पात्र घेऊन मुकाट उभा राहतो. एक तर हे कार्यकर्ते गृहस्थागत राहणारे, भिक्षू नव्हेत. शिवाय सेखिय नियमांत निरोगी भिक्षूला वरण-भात मागून खाण्याची जी मनाई आहे, ती ‘स्वतःकरिता’ मागण्याची आहे. नेमका तेवढा शब्द गाळून नियम सांगायचा, हे आपल्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत केले असते तर आपण गुण कापले असते. आणि तोंडावर दार आपटले गेल्यावर उसळणारा संताप आसनावर बसून कुणाला दिसतो? त्याच माणसाविषयी मैत्रीभाव राखून पुढच्या पायऱ्या चढायच्या, ही साधना नसेल तर साधना म्हणजे काय, हे आक्षेपकांनीच सांगावे.

माझे भांडण वेगळे आहे. मागणाऱ्याचे चित्त शुद्ध होते, देणाऱ्याला पुण्य लाभते, आणि घेणारा? तो माहितीपत्रकावरच्या छायाचित्रात हसत उभा. या साधनेत त्याला काही करायचेच नसते. डॉ. आंबेडकरांनी मात्र धम्मदीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले. कुणाला? ज्यांच्या घरी दोन वेळची चूल पेटण्याची शाश्वती नव्हती, त्यांना. त्यांना दयेचा विषय न ठेवता दायक करणे, हा त्या मागणीचा अर्थ होता. या कसोटीवर वसतिगृहाचा हिशेब तिथल्या मुलांच्या संख्येवर संपत नाही. त्यातून बाहेर पडलेला मुलगा पुढे कुणाच्या दारी मागायला जातो, आणि स्वतः किती देतो, इथवर तो न्यावा लागतो.

असो. इंग्रजांच्या पैशावर धम्म चालतो म्हणून नाक मुरडणाऱ्या आपल्यातल्या किती प्राध्यापकांच्या वेतनातून तो विसावा भाग बाजूला निघतो, हे विचारण्याचा मला फारसा अधिकार नाही. गेल्या वर्षापर्यंत माझ्याही निघत नव्हता.