जिभेची कात्री

परवा रविवारी उलव्याच्या आमच्या घरी सारी मंडळी टीव्हीवर चित्रपट पाहत बसलो होतो. खलनायकाने तोंड उघडले आणि ऐन शब्दावर ‘टुंई’ असा आवाज झाला. सूनबाई निश्चिंत झाल्या, पण आठ वर्षांच्या नातवाने विचारलेच, “आजोबा, तो काय म्हणाला?”

प्रश्न टाळण्यासाठी मी त्याला कात्रीची कुळकथा सांगितली. प्रतिभा नैथानी या मुंबईच्या प्राध्यापिका उच्च न्यायालयात गेल्या. त्यांच्या याचिकेवर २००५-०६ साली न्यायालयाने बजावले, की केवळ प्रौढांसाठी असलेला चित्रपट टीव्हीवर दाखवायचा नाही. दाखवायचाच, तर काटछाट करून सेन्सॉर बोर्डाचे नवे प्रमाणपत्र आणायचे. २०२४ च्या नियमांनी तर पालकांच्या सल्ल्याने पाहायच्या चित्रपटांना ७, १३ आणि १६ अशा वयाच्या पायऱ्याही घातल्या. रास्तच आहे. थिएटरच्या दारात वय विचारायला माणूस असतो; आमच्या दिवाणखान्याच्या दारात कोण उभे आहे?

नातवाने सारे शांतपणे ऐकले. मग म्हणाला, “पण तो शब्द मला ठाऊक आहे. पावसाळ्यात डंपरने तुमच्या लेंग्यावर चिखल उडवला, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात!”

सूनबाई पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात पळाल्या.

“तेव्हा चुकलोच मी,” एवढेच मला म्हणता आले.

चित्रपटांना बोर्ड आहे, वाचकहो. घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रमाणपत्र नातवंडे देतात, आणि त्यांच्याकडे ‘टुंई’ची सोय नसते!