कालचे हीन अन्न, आजचे सुपरफूड!

परदेशातून एखादी गोष्ट शिक्का मारून आली की येथील उच्चवर्णीय मंडळींना ती लगेच गोड लागू लागते. किडे खाण्याचेही तसेच चालले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली खाद्य कीटकांवर मोठा अहवाल काढला. जगात सुमारे दोनशे कोटी लोकांच्या आहारात कीटक आहेत आणि त्यांच्या १९०० हून अधिक जाती खाल्ल्या जातात, असे त्यात नमूद आहे. एक किलो वजन वाढायला गुरांना साधारण आठ किलो खाद्य लागते. रातकिड्यांचे दोन किलोत भागते. युरोपीय संघाने २०२१ मध्ये पिवळ्या मीलवर्म अळीला मंजुरी दिली, सिंगापूरने २०२४ मध्ये १६ जातींना. झाले! आता हे ‘भविष्यातले अन्न’.

आमचा प्रश्न साधा आहे. हेच अन्न बस्तरच्या आठवडी बाजारात पानाच्या द्रोणात घेऊन बसलेल्या आदिवासी बाईपुढे असते, तेव्हा त्याला काय म्हणतात?

तेथे लाल मुंग्यांच्या चटणीला चापडा म्हणतात. या मुंग्या झाडाची हिरवी पाने जोडून घरटे करतात. माणूस झाडावर चढतो, चावे सोसतो, फांदीसकट घरटे खाली आणतो. मग अंडी, अळ्या, मुंग्या असे सारे मीठ-मिरची घालून वाटायचे. चटणी आंबट लागते, कारण मुंगीच्या अंगात फॉर्मिक आम्ल असते. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच काई चटणीला २०२४ च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद आहे. पण याच सिमिलिपालच्या जंगलातून, व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून, आदिवासींची गावे उठवली गेली हेही विसरता येत नाही. चटणीला मान आणि चटणी करणाऱ्याला जंगलाबाहेरचा रस्ता! २००६ च्या वनहक्क कायद्यातली गौण वनोपजाची व्याख्या पाहा. मध, मेण, लाख, रेशीमकोष यांची नावे त्यात आहेत. मुंगीचे नाव नाही. उद्या एखाद्या कंपनीने या मुंग्यांचा धंदा काढला तर आदिवासी हक्क सांगणार कशाच्या आधारावर?

हे झाले सरकारचे. आता थोडे आपल्या घरात पाहू. आपल्यातला शिकलेला, नोकरीला लागलेला, कॉलनीत फ्लॅट घेतलेला माणूस मुंगीची चटणी म्हटल्यावर पहिला नाक मुरडतो. शेजाऱ्याला वास जाऊ नये म्हणून खिडक्या लावून मटण शिजवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. चान्या, वजडी, रक्ती यांची नावे मुलांसमोर काढायची नाहीत असा काही घरांत नियमच आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ लिहून ही लाज चव्हाट्यावर मांडली, तेव्हाही काहींना ते नकोसे वाटले.

यावर कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीच १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले ना? सांगितले. पण का सांगितले? भटाला ते अपवित्र वाटते म्हणून नव्हे. मेलेले ढोर ओढणे हे गावाने लादलेले काम होते आणि ते मांस त्या गुलामीचा मोबदला होता. समाजाने ते फेकून दिले ते स्वाभिमानापोटी. जंगलात स्वतःच्या मर्जीने झाडावर चढून काढलेली मुंगी कोणाच्या दारातले उष्टे नाही. दोन्हींना एका मापाने मोजणे म्हणजे मनूचीच फूटपट्टी हातात घेणे होय. राहता राहिला अहिंसेचा मुद्दा. भिक्खूंना मांस-मासे कायमचे वर्ज्य करा ही देवदत्ताची मागणी खुद्द तथागतांनी नाकारली होती, एवढे आठवले तरी पुरे.

मात्र एक धोका आम्हाला स्पष्ट दिसतो. पर्यावरणाच्या नावाखाली उद्या हे किड्यांचे पीठ गरिबाच्याच ताटात लोटले जाईल. श्रीमंत हौसेने चाखणार आणि आश्रमशाळेतल्या पोराला ‘पौष्टिक’ म्हणून तेच रोज मिळणार. ज्यांना झिंगे-खेकडा सोसत नाही त्यांना कीटकांचीही ॲलर्जी होऊ शकते, याची चौकशी तेव्हा कोण करणार? प्रथिनांची एवढी कळकळ असेल तर आधी हातातले बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके खुरटलेली आहेत. याच राज्यात २०१५ ला बैलाच्या मांसावर बंदी आली. गरिबाचे स्वस्त मांस गेले. शालेय पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस अंडे आले आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी काढून घेतला. लोकवर्गणीतून द्या म्हणे! ज्या वस्तीतल्या आया सकाळी मजुरीला जातात, तेथे वर्गणी कोण देणार?

शाळा व्यवस्थापन समित्यांवर आपले कार्यकर्ते आहेत, आपल्या भगिनी आहेत. पुढच्या बैठकीत त्यांनी अंड्याचा विषय लेखी मांडावा, सरकारी निधीची मागणी करणारा ठराव घ्यावा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पोचवून पोच घ्यावी. जयभीम!